मधल्या आवाजाची ओळ

वृंदगानाचं संयोजन जमलं आहे की नाही, हे सभागृहात पहिल्या रांगेत बसून नीटसं कळत नाही. ते कळतं मधल्या आवाजात उभं राहून गाताना. सोप्रानोला चाल मिळते, बासला पाया मिळतो, टेनरला वरचे उजळ सूर मिळतात आणि उरलेलं सगळं आल्टोच्या पदरात पडतं. मी गेली अनेक वर्षं हौशी वृंदांमध्ये आल्टो गाते. एका गाण्यात आमच्या वाट्याला सोळा मात्रा एकच सूर आला होता. मग अर्धा स्वर खाली, आणि पुन्हा तोच सूर. महिनाभर तालमी झाल्या, तरी ती ओळ आमच्यापैकी कुणाच्याही तोंडी बसली नाही. संयोजकाला हार्मनी येत होती. कागदावर प्रत्येक ठिकाणी कॉर्ड बिनचूक होती. फक्त ती ओळ त्यानं स्वतः कधी गाऊन पाहिली नव्हती, आणि हे आम्हाला पहिल्याच तालमीत समजलं होतं.

तेव्हापासून मला एक प्रश्न सोडत नाही. वृंदासाठी संयोजन करायला शिकवायचं, तेही विद्यापीठाच्या पातळीवर, तर नेमकं काय शिकवायचं? कॉर्डचे नियम शिकवता येतात, आवाजांच्या पट्ट्या पाठ करून घेता येतात, संगणकावर स्वरलिपी मांडायला शिकवता येतं. हे सगळं लागतंच. पण माझं म्हणणं असं, की संयोजन हा आधी ऐकण्याचा आणि मग लिहिण्याचा विषय आहे. जो गाणं पूर्ण ऐकत नाही, तो त्यात चार आवाज घालू शकतो, पण त्या चार आवाजांना गाणं देऊ शकत नाही. आणि हे ऐकणं शिकवायला आपल्या विद्यापीठांइतकी समृद्ध जागा दुसरी क्वचितच असेल, जर आपण ती वापरायची ठरवली तर.

आधी दोन शब्द वेगळे करायला हवेत. समूहगानात सगळे एकच ओळ गातात. त्याची ताकद फार मोठी आहे. वसंत देसाईंनी शाळाशाळांतल्या हजारो मुलांना एका सुरात गायला लावलं, तो अनुभव ज्यांनी घेतला त्यांना ती ताकद सांगावी लागत नाही. वृंदगानात मात्र आवाज वेगवेगळ्या वाटांनी जातात आणि तरी गाणं एकच राहतं. समूहगानात माझा आवाज सगळ्यांत मिसळून जातो. वृंदगानात तो वेगळा राहूनच सगळ्यांच्या उपयोगी पडतो. ही दुसरी गोष्ट आपोआप घडत नाही. कुणीतरी बसून ती लिहावी लागते. त्या कुणाचं शिक्षण कसं व्हावं, हा इथला विषय.

या विषयाचा विद्यापीठातला सर्वांत हृदयस्पर्शी अध्याय अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल इथे सुरू झाला. यादवी युद्ध संपल्यावर, १८६६ मध्ये, नुकत्याच मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांसाठी तिथे फिस्क ही शिक्षणसंस्था सुरू झाली. लष्करानं सोडलेल्या बराकींत वर्ग भरत. पाच वर्षांत पैसे संपत आले, तेव्हा खजिनदार आणि गाण्याचे शिक्षक जॉर्ज व्हाइट यांनी नऊ विद्यार्थ्यांना घेऊन ऑक्टोबर १८७१ मध्ये दौरा काढला. यातले बहुतेक जण स्वतः गुलामगिरीत जन्मलेले होते. एला शेपर्ड ही तरुणी पियानो वाजवायची, तालमी घ्यायची आणि गाणी कागदावर उतरवायची.

सुरुवातीला हे विद्यार्थी तेव्हाच्या सभ्य समाजाला रुचतील अशी युरोपीय धाटणीची गाणी म्हणत. आई-बापांनी शेतमळ्यांत, रात्री लपूनछपून म्हटलेली भजनं चारचौघांत गायला त्यांचं मन होत नव्हतं. ती गाणी म्हणजे गुलामगिरीची आठवण होती, आणि वडीलधाऱ्यांसाठी पवित्र ठेवाही. पण श्रोत्यांना हलवलं ते त्याच गाण्यांनी. १८७२ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्यापुढे गायले, १८७३ मध्ये इंग्लंडच्या राणीपुढे. त्या दौऱ्यांच्या पैशांतून उभी राहिलेली ज्युबिली हॉलची इमारत आजही फिस्कमध्ये आहे. त्याच १८७३ साली पुण्यात जोतीराव फुल्यांचं ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झालं आणि ते त्यांनी अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं. फुले ज्या मुक्तीचं कौतुक करत होते, त्या मुक्तीचा आवाज त्याच वर्षी युरोपात गात फिरत होता. पुढे फ्रेडरिक लाउडिन यांच्या नेतृत्वाखाली या गायकांचा एक संच सहा वर्षांच्या जगप्रवासात भारतातही येऊन गेला.

विद्यापीठातल्या संयोजनाच्या शिक्षणाला या कथेनं एक मूलभूत प्रश्न दिला. मळ्यातलं गाणं रंगमंचावर आलं, त्याला चार आवाज मिळाले, सुरुवात आणि शेवट मिळाला. मग ते तेच गाणं राहिलं का? मानववंशशास्त्राच्या अभ्यासक आणि लेखिका झोरा नील हर्स्टन यांनी १९३४ मध्ये लिहिलेल्या निबंधात याचं उत्तर स्पष्ट ‘नाही’ असं दिलं. त्यांच्या मते खरं गाणं दर वेळी नव्यानं घडतं, त्यातला स्वरमेळ ओबडधोबड असतो आणि तो तसाच असायला हवा. मैफिलीसाठी घोटून गुळगुळीत केलेली आवृत्ती ही त्या गाण्यावरून रचलेली दुसरीच वस्तू आहे.

हा आक्षेप मला खोटा वाटत नाही. उलट, संयोजन शिकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात तो सांगायला हवा असं वाटतं. कारण तो पचवल्याशिवाय जबाबदारीची जाणीव येत नाही. संयोजन मूळ गाण्याची जागा घेऊ शकत नाही. ते भाषांतरासारखं आहे. चांगला भाषांतरकार मूळ पुस्तक जाळत नाही. तो वाचकाला त्या पुस्तकाच्या दारापर्यंत नेतो. आणि भाषांतर करायला दोन भाषा याव्या लागतात, एक येऊन भागत नाही. संयोजकाला वृंदाची भाषा जितकी यायला हवी, तितकीच मूळ गाण्याचीही.

विल्यम डॉसन यांच्याकडे पाहिलं की हे दिसतं. अलाबामातल्या टस्कीगी संस्थेत ते लहानपणी विद्यार्थी म्हणून गेले, आणि पुढे तिथल्याच वृंदाचे दिग्दर्शक झाले. १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलच्या उद्घाटनाला तो वृंद गायला. डॉसन यांची संयोजनं गुंतागुंतीची आहेत, पण त्यांतली कुठलीही ओळ काढून एकटी गा, ती गाणं म्हणून उभी राहते. एक आवाज चाकासारखा फिरत राहतो, दुसरा हाक देतो, तिसरा त्या हाकेला उत्तर देतो. हाक आणि प्रतिसाद हा त्या गाण्यांचा मूळ जीव होता. डॉसन यांनी तोच चार आवाजांत वाटला. बाहेरून आणून काही चिकटवलं नाही. जे आत होतं त्यालाच जागा करून दिली.

ॲलिस पार्कर यांचं उदाहरणही इथे घ्यायला हवं. जूलियर्ड या न्यूयॉर्कच्या संगीतसंस्थेत त्या वृंददिग्दर्शन शिकल्या आणि रॉबर्ट शॉ यांच्या नामांकित वृंदासाठी सुमारे वीस वर्षं लोकगीतांची संयोजनं करत राहिल्या. २०२३ मध्ये, वयाच्या ९८ व्या वर्षी त्या गेल्या, तोवर त्यांनी शिकवणं सोडलं नव्हतं. त्यांची शिकवण साधी होती. कागदावरची चाल म्हणजे गाणं नाही, ती गाण्याची रेघ आहे. आधी ती चाल शोधा, कुठून आली ते पाहा, ती गात राहा. तिचे शब्द कुठे जोर देतात, ती कुठे नाचते, कुठे श्वास घेते, हे गळ्याला कळू द्या. मग दुसरा आवाज लिहा. त्यांच्याकडे शिकणारे कागदाला हात लावण्याआधी खूप वेळ गात असत.

आता आपल्याकडे येऊ. एखादा विद्यार्थी हार्मनीचं पुस्तक शिकून आला आणि त्यानं भूप रागातलं एक भजन संयोजनासाठी घेतलं, असं समजा. पुस्तकानं त्याला तीन मुख्य कॉर्ड शिकवल्या आहेत: षड्जावरची, मध्यमावरची, पंचमावरची. तो मध्यमावरची कॉर्ड लावतो: मध्यम, धैवत, षड्ज. भूपात मध्यम नाही. तो पंचमावरची लावतो: पंचम, निषाद, रिषभ. भूपात निषादही नाही. दोन कॉर्डमध्ये भूप मोडला, आणि पुस्तकाचा एकही नियम मोडला नाही. भूपाच्या पाच स्वरांतून पुस्तकी पद्धतीच्या दोनच कॉर्ड बनतात: षड्ज-गांधार-पंचम, आणि धैवत-षड्ज-गांधार. समजा, तो या दोहोंवरच थांबला. तरी धोका टळत नाही. आल्टो जर धैवतावर रेंगाळत राहिली आणि गांधाराचं वजन कमी झालं, तर ऐकणाऱ्याला देसकार दिसू लागतो. स्वर तेच, पण भूपाचा वादी गांधार आणि देसकाराचा धैवत. संयोजकानं मधल्या आवाजाला सोयीचा वाटला म्हणून दिलेला एक लांब सूर अख्खा राग बदलू शकतो.

मालकंसात प्रश्न आणखी खोल जातो. तिथे पंचमच नाही, म्हणून षड्जावर पूर्ण कॉर्ड उभीच राहत नाही. मालकंसाच्या स्वरांतून निघतात त्या दोन कॉर्ड: कोमल धैवत-षड्ज-कोमल गांधार आणि मध्यम-कोमल धैवत-षड्ज. दोन्हींत षड्ज आहे, पण घरमालक म्हणून कुठेच नाही. या कॉर्डच्या हवाली मालकंस केला, तर षड्ज स्वतःच्या घरात पाहुणा होतो. गाणाऱ्यांना कारण सांगता येणार नाही, पण गाणं सुटल्याची रुखरुख प्रत्येकाला जाणवेल.

यावर अनेक जण म्हणतात, मग हा उद्योगच नको. आपलं संगीत एकल आहे, हार्मनी परकी आहे. परकेपणाचा मुद्दा मला पटत नाही. बाजाची पेटी आणि व्हायोलिन बाहेरूनच आले आणि आज आपल्या देवळांतही आहेत. रागाच्या व्याकरणाचा मुद्दा मात्र खरा आहे, आणि म्हणूनच संयोजन शिकवायला हवं. न शिकवल्यानं ते थांबत नाही. शाळांच्या स्नेहसंमेलनांत, महाविद्यालयांच्या युवा महोत्सवांत, परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांत ते रोज होतं आहे, फक्त पुस्तकातल्या तीन कॉर्ड घेऊन होतं आहे.

शिवाय अनेक आवाज एकत्र लावण्याच्या आपल्या स्वतःच्या रीती आहेत. दिंडीत टाळकऱ्यांच्या दोन ओळी समोरासमोर असतात. एका बाजूनं चरण म्हणायचा, दुसऱ्या बाजूनं तो उचलायचा. पहिल्यांचा शेवटचा सूर हवेत असतानाच दुसरे सुरू होतात आणि क्षणभर दोन ओळी एकमेकींवर येतात. पोवाड्यात शाहिराच्या मागे झीलकरी असतात. शाहीर दम घेतो तेव्हा ‘जी जी’ची झील गाणं खाली पडू देत नाही. तमाशात सुरते उंच सूर लावून धरतात आणि त्या आधारावर मुख्य आवाज खेळतो. यांत धरलेला सूर आहे, हाक आणि उत्तर आहे, एकमेकांवर येणाऱ्या ओळी आहेत. भूपातल्या भजनासाठी संयोजकाला कॉर्डपेक्षा ही साधनं जास्त उपयोगी पडतील. बासनं तानपुऱ्यासारखा षड्ज-पंचम धरावा, मालकंस असेल तर षड्ज-मध्यम. टेनरनं झील द्यावी. आल्टोनं चरण अर्ध्या आवर्तनानं मागून उचलावा. राग शाबूत राहतो आणि चौघांनाही गायला काहीतरी मिळतं.

गोव्यात तर दोन आवाजांत गाणं ही घरगुती गोष्ट आहे. मांडो परंपरेनं दोन आवाजांत म्हणतात; दुसरा आवाज पहिल्याच्या तिसऱ्या किंवा सहाव्या स्वरावरून सोबत चालतो. चर्चच्या गावशाळांत स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकलेल्या गोव्याच्या वादकांनी पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीताचा ध्वनी घडवला. अँथनी गोन्साल्विस आणि सेबॅस्टियन डिसूझा ही त्यातली दोन मोठी नावं. ‘अरेंजर’ हा शब्द मुंबईला त्यांच्यामुळे ओळखीचा झाला. गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात राग आणि सिंफनी एकत्र आणणारी मैफल घडवली. त्याच वर्षी सलील चौधरींनी बॉम्बे यूथ क्वायर सुरू केला आणि भारतीय भाषांतली गाणी अनेक आवाजांत बांधली. त्याआधी, १९५६ पासून, व्हिक्टर परांज्योती यांचा वृंद मुंबईत गात होता. नंतर कित्येक दशकं कूमी वाडिया यांनी तो चालवला. परांज्योतींची भारतीय स्वरवळणांवर बेतलेली ‘द्रविडियन डिथिरॅम्ब’ ही रचना अमेरिकेत छापली गेली आणि तिथल्या महाविद्यालयांचे वृंद ती गातात.

याचं मला एकाच वेळी समाधान आणि दुःख वाटतं. मुंबईत लिहिलेली रचना हजारो मैलांवरच्या विद्यार्थ्यांच्या गळ्यात आहे. आपल्या किती संगीत-विद्यार्थ्यांनी तिचं नाव ऐकलं आहे? या सगळ्या माणसांनी जे कमावलं ते स्टुडिओत, तालमीच्या खोलीत, एकेका वृंदाच्या आठवणीत राहिलं. त्याचा अभ्यासक्रम झाला नाही. आपल्याकडे संगीताच्या पदवीत गायन-वादनाला जे स्थान आहे, ते संयोजनाला नाही. राग शिकणारे आणि स्वरमेळ शिकणारे वेगवेगळ्या छपरांखाली बसतात. भूपात मध्यम नाही हे ज्याला माहीत आहे, त्याला आल्टोचा आवाज कुठे खुलतो हे माहीत नाही. आणि ज्याला आल्टो माहीत आहे, त्याला भूप माहीत नाही.

असा अभ्यासक्रम कसा असावा, याबद्दल माझं मत ठाम आहे. पहिल्या सत्रात एकही ओळ लिहायची नाही. ओव्या, अभंग, गोंधळ, मांडो, भावगीतं अशी वीसेक गाणी तोंडपाठ करायची, आणि ती जिथे गायली जातात तिथे जाऊन ऐकायची. दुसऱ्या सत्रात फक्त दोन आवाज. हंगेरीत झोल्तान कोदाय यांनी लोकगीतं गोळा केली, बुडापेस्टच्या अकादमीत शिकवलं, आणि मुलांसाठी दोन आवाजांच्या रचनांचे संग्रह लिहिले. दोन आवाज नीट लिहिता येणं किती अवघड आहे, हे त्यांना ठाऊक होतं. दोन ओळींत लपायला जागा नसते. चार आवाज त्यानंतर.

पट्टी निवडणं हा स्वतंत्र धडा हवा. आपल्याकडे बायका साधारण काळी चार-पाचमध्ये गातात आणि पुरुष काळी एक-दोनमध्ये. सगळ्यांना एकाच ओळीवर आणलं की कुणीतरी खर्जात बुडतं किंवा कुणीतरी वर ताणतं. आवाज वाटून दिले की ही अडचण सोडवता येते, पण त्यासाठी त्या आवाजांच्या शेजारी उभं राहिलेलं असावं लागतं. भाषेचाही धडा हवा. ‘विठ्ठल’मधला ‘ठ्ठ’ तीस माणसांनी एकाच क्षणी मिटला पाहिजे, नाहीतर गारा पडल्यासारखा आवाज होतो. चार आवाज एकाच वेळी वेगवेगळे शब्द म्हणू लागले तर तुकोबांचं म्हणणं कुणालाच ऐकू येत नाही. म्हणून शब्द कधी एकाच आवाजाला द्यायचे आणि बाकीच्यांनी नुसता आकार धरायचा, हे ठरवता यायला हवं.

लिहिण्यासाठी आपली लिपीही तयार आहे. भातखंड्यांच्या स्वरलिपीत तालाचे विभाग, सम आणि खाली आखलेली असते. त्याच चौकटीत एकाखाली एक चार ओळी मांडल्या, तर कोणत्या मात्रेला कोण कुठे आहे ते सरळ दिसतं. पाच रेघांची पाश्चात्त्य लिपी विद्यार्थ्यांनी शिकावीच, कारण जगाशी देवाणघेवाण तिच्यातून होते. पण ती येत नाही म्हणून रागाचा जाणकार विद्यार्थी या वर्गाबाहेर राहू नये.

आणि सर्वांत महत्त्वाचं, दर आठवड्याला लिहिलेलं गायलं गेलं पाहिजे. संगणक कुठलीही ओळ निर्दोष वाजवून दाखवतो. त्याला श्वास लागत नाही, अवघड उडी मारायला भीती वाटत नाही, एकच सूर सोळा मात्रा धरून कंटाळा येत नाही. रसायनशास्त्राला प्रयोगशाळा लागते, तसा या विषयाला वृंद लागतो. सहाध्यायांचाच असावा, आणि प्रत्येकानं आळीपाळीनं प्रत्येक आवाजात उभं राहावं. आपण लिहिलेल्या ओळीला शेजारचा गळा अडखळतो, हे ऐकल्यावर जे शिक्षण होतं ते कुठल्याही व्याख्यानानं होत नाही.

यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. एक खोली, एक तानपुरा, एक पेटी, वीस-पंचवीस गळे आणि एकमेकांच्या वर्गात जायला तयार असलेले दोन शिक्षक लागतात: एक राग जाणणारा, एक वृंद जाणणारा. फिस्कच्या बराकींत याहून कमी होतं. तिथे होती ती आई-बापांकडून आलेली गाणी आणि ती कागदावर उतरवताना कान देऊन ऐकणारी विशीतली एक मुलगी.

या विषयाची परीक्षा कशी घ्यावी, हेही मी ठरवून ठेवलं आहे. विद्यार्थ्यानं चार आवाजांचं संयोजन आणून द्यावं. परीक्षकांनी ते वृंदाकडून ऐकावं, मग कागद मिटून बाजूला ठेवावा आणि विद्यार्थ्याला एवढंच सांगावं: तुम्ही आल्टोला दिलेली ओळ एकट्यानं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, गाऊन दाखवा. त्या ओळीत गाणं असेल, तर बाकीचं सगळं जमलेलं असेल.